‘पीपल ऑफ कलर’ : एका समूहवाचक पदाची व्याप्ती आणि त्याचे मराठी पर्याय

समूहवाचक पदे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. काही पदे समूहाचे नाव सांगतात, तर काही केवळ समूहाची सीमा सांगतात. ‘झुलू’, ‘नाव्हाहो’, ‘भिल्ल’ ही पहिल्या प्रकारची पदे होत. ‘परदेशी’, ‘म्लेच्छ’, ‘अल्पसंख्य’ ही दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारच्या पदाचा अर्थ ते ज्यांना लागू पडते त्यांच्या ठायी शोधून सापडत नाही. ज्यांना ते लागू पडत नाही त्यांच्याकडे पाहूनच तो कळतो. म्लेच्छ कोण हे ठरण्यासाठी आधी आर्य कोण हे ठरावे लागते. अमेरिकन इंग्रजीतील ‘पीपल ऑफ कलर’ हे पद याच दुसऱ्या वर्गात मोडते. मराठी लेखनात मात्र ते पहिल्या वर्गातले समजून वापरले जाते आणि ‘कृष्णवर्णीय’ या शब्दाने त्याची बोळवण केली जाते.

या पदाचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाही. फ्रेंचांच्या कॅरिबियन वसाहतींत आणि लुइझियानात ‘जाँ द कुलर’ म्हणजे बहुतांशी मिश्र वंशाचे व गुलामीतून मुक्त असलेले लोक. त्यांपैकी काही स्वतः गुलामांचे मालकही होते. इंग्रजी पद हे त्या फ्रेंच पदाचेच प्रतिरूप आहे. १८०७ च्या ज्या अमेरिकन कायद्याने गुलामांच्या आयातीस बंदी केली, त्यात ‘निग्रो’ आणि ‘मुलाटो’ यांच्या जोडीला ‘पर्सन ऑफ कलर’ येतो. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत धाडण्यासाठी १८१६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या पूर्ण नावातही हे पद होते. म्हणजे आज आत्मसन्मानाचे मानले जाणारे हे पद एके काळी हद्दपारीच्या योजनेचे शीर्षक होते. पुढे ‘कलर्ड पीपल’ हा प्रयोग रूढ झाला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या प्रसिद्ध नागरी हक्क संस्थेच्या नावात तो अद्याप टिकून आहे.

पदाला आजचा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणात ‘सिटिझन्स ऑफ कलर’ असा प्रयोग आहे. परंतु निर्णायक प्रसंग १९७७ मधील ह्यूस्टन येथील राष्ट्रीय महिला परिषदेचा मानावा लागतो. लोरेटा रॉस यांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, कृष्णवर्णीय स्त्रियांनी तयार करून आणलेल्या मागणीपत्रात इतर अल्पसंख्य स्त्रियाही सामील होऊ इच्छित होत्या आणि त्या वाटाघाटीतून ‘विमेन ऑफ कलर’ हे पद पुढे आले. रॉस यांच्या मते ते शरीराचे वर्णन नसून एकमेकींशी केलेला करार आहे. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण आठवेल. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमातींबरोबर भूमिहीन, श्रमिक आणि स्त्रिया यांनाही सामावून घेतले होते. तोही जन्माचा नव्हे, बांधिलकीचा अर्थ होता. पुढील वापरात तो पुष्कळसा आक्रसला ही गोष्ट निराळी.

आता रूपाकडे वळता येईल. ‘कलर्ड पीपल’ आणि ‘पीपल ऑफ कलर’ यांतील शब्द जवळजवळ तेच, भेद रचनेचा. पहिल्यात विशेषण पुढे येते, आणि ते कर्मणि भूतकृदन्त असल्याने कोणीतरी बाहेरून रंग चढविल्याचा भास होतो. दुसऱ्यात ‘लोक’ आधी येतात आणि रंग मागून येतो. इंग्रजीत या क्रमाने एवढा फरक पडतो की पहिला प्रयोग आज अपमानकारक ठरतो. मराठीत विशेषण, षष्ठ्यंत पद, संबंधी वाक्यांश हे सारे सामान्यतः नामाच्या आधीच येतात. ‘लोक’ आधी आणून मिळविलेला सन्मान मराठी वाक्यरचनेत उतरतच नाही. जो भेद इंग्रजीत क्रमाने साधला तो मराठीत शब्दाच्या निवडीनेच साधावा लागतो, आणि खरी अडचण येथे सुरू होते.

‘कलर’साठी मराठीपाशी ‘रंग’ आणि ‘वर्ण’ हे दोन शब्द आहेत. ‘रंगीत’ हे विशेषण कापडाला, चित्रपटाला, फार तर तालमीला लागते. माणसाला लावले की ते ‘रंगेल’च्या शेजारी जाऊन बसते. ‘वर्ण’ अधिक भारदस्त, म्हणून अधिक धोक्याचा. त्यात त्वचेचा रंग, चातुर्वर्ण्यातील श्रेणी आणि भाषेतील ध्वनी असे तीन अर्थ नांदतात. पाणिनीय व्याकरणात ज्यांचे उच्चारस्थान व प्रयत्न समान ते ध्वनी परस्परांचे ‘सवर्ण’. समाजात मात्र चातुर्वर्ण्याच्या आतील ते ‘सवर्ण’. ‘ज्यांना वर्ण आहे असे लोक’ हे इंग्रजी पदाचे शब्दशः भाषांतर, आणि त्याचा एकच रूढ मराठी शब्द ‘सवर्ण’! बहिष्कृतांसाठी घडविलेल्या पदाचे शब्दनिष्ठ भाषांतर बहिष्कार घालणाऱ्यांचे नाव होऊन बसते.

‘कृष्णवर्णीय’ या पर्यायातला दोष वेगळा आहे. तो ‘ब्लॅक’ या शब्दासाठी योग्य आहे, कारण तेथे विशिष्ट समाजाचे नाव अभिप्रेत असते. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तकाने त्या शब्दाचे आद्याक्षर मोठे लिहिण्याचा निर्णय घेतला तो याच जाणिवेतून. तोच शब्द व्यापक पदासाठीही वापरला की दोन्ही अर्थ बिघडतात. उलट दिशेची चूकही तितकीच गंभीर. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यांना ‘पर्सन ऑफ कलर’ म्हणणे तर्कदृष्ट्या खोटे नाही. पण त्या म्हणण्यात तो अन्याय कोणत्या इतिहासाचा हे दडते. असोसिएटेड प्रेस हे पद एकट्या व्यक्तीसाठी वापरू नये असे बजावते ते योग्यच आहे. करार एकट्याचा नसतो. ब्रिटनमध्येही ‘बेम’ या आद्याक्षरी संज्ञेने सर्व अल्पसंख्यांना एकत्र बांधण्याची प्रथा सोडून द्यावी, अशी शिफारस २०२१ मध्ये सरकारनियुक्त आयोगाने केली.

सीमावाचक पदाची सीमा किती सरकते हे भारतीयांच्याच उदाहरणावरून दिसते. १९२० ते १९४० च्या अमेरिकन जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश होता. १९७० मध्ये भारतीय ‘गोरे’ गणले गेले. १९८० पासून ते आशियाई वर्गात आले. माणसे तीच, त्वचाही तीच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांनी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयापुढे आपण उच्चजातीय आर्य, म्हणून कायद्याच्या अर्थाने गोरे, असा दावा केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. सवर्णत्व हे गोरेपणाचा पुरावा म्हणून तेथे मांडले गेले, हे विसरता येणार नाही. बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिअ‍ॅटल नगर परिषदेने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर त्याच वर्षी राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. या वादातील दोन्ही पक्षांचे भारतीय ‘पीपल ऑफ कलर’मध्येच मोडतात. अमेरिकेतील मराठी लेखक जेव्हा या पदात स्वतःची गणना करतो, तेव्हा गोऱ्यांच्या संदर्भात तो बरोबर असतो. पण जातीच्या संदर्भात ते पद त्याच्यासाठी सोयीचा पडदा होऊ शकते.

मग मराठीत काय लिहावे? ‘गौरेतर’ हा शब्द त्यातल्या त्यात ग्राह्य वाटतो. ‘गौर’ हा मराठीत स्तुतिवाचक शब्द आहे, वधूवरांच्या जाहिरातींपर्यंत त्याची सत्ता चालते, आणि उरलेल्या जगाला त्याच्यावरून मोजणे रुचत नाही, हा आक्षेप खरा. तथापि इंग्रजी पद जी नकारात्मक व्याख्या पोटात लपविते ती ‘गौरेतर’ उघड्यावर ठेवतो. हा त्याचा दोष नसून प्रामाणिकपणा आहे. तो बहुवचनीच राहावा आणि गोऱ्यांशी असलेला संबंध हाच विधानाचा विषय असेल तेव्हाच यावा. भाषांतरात ‘एक गौरेतर स्त्री’ असे लिहिण्याची वेळ आली, तर मूळ ग्रंथाची पाने मागे उलटून ती स्त्री चिकाना आहे, चेरोकी आहे की फिलिपिनो, हे पाहावे. बहुधा लेखिकेने ते कोठे तरी सांगितलेले असते.