फुटकी बादली आणि काचेचे कपाट

संग्रहालय ही निष्पाप वास्तू नसते. काचेच्या कपाटात जे जाते तो इतिहास होतो. जे बाहेर राहते ते अडगळ ठरते. हा निवाडा कोण करतो, हा सांस्कृतिक सत्तेचा प्रश्न आहे. ज्यांना हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी तरी तो विचारल्याशिवाय राहू नये.

लिहिण्याला निमित्त घडले. पनवेल तालुक्यात खारघरला सिडकोने फुटबॉलचे केंद्र उभारले आहे. ते पाहून आलेल्या काही विद्यार्थ्यांनी मला विचारले, 'सर, परदेशात फुटबॉलच्या इतिहासाची संग्रहालये आहेत. इथे एखादे का नसावे?' मी म्हणालो, जरूर असावे. पण त्यात इतिहास कुणाचा असेल? त्या वेळी अपुरे राहिलेले उत्तर इथे पुरे करतो.

इंग्लंडचे राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय 2001 साली प्रेस्टनला उघडले आणि 2012 मध्ये मँचेस्टरला गेले. प्रेस्टनच्याच 'डिक, कर' कारखान्यातल्या कामगार स्त्रियांचा संघ 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलला खेळला, तेव्हा 53 हजार प्रेक्षक जमले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवले आणि आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती जवळजवळ पन्नास वर्षे बंद राहिली. त्या संघातल्या लिली पारला संग्रहालयाने 2002 साली गौरवाच्या यादीत घेतले. 2019 मध्ये तिचा पुतळा बसवला. पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू आर्थर व्हार्टन 1930 साली वारला. 1997 पर्यंत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. 2003 मध्ये तोही यादीत आला.

या दुरुस्तीचे मी स्वागत करतो. परंतु गौरव आणि न्याय एक नव्हेत. पुतळा उभारला म्हणजे व्यवस्थेची झडती झाली असे होत नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारे त्यांचा विचार कसा बाजूला सारतात, ते आपण पाहतोच.

ब्राझीलचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. रिओच्या वास्को द गामा क्लबने कृष्णवर्णीय आणि कष्टकरी खेळाडूंच्या बळावर 1923 चे विजेतेपद मिळवले. बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि 1924 साली वास्कोला अट घातली : तुमचे 12 खेळाडू काढा. क्लबच्या अध्यक्षाने पत्र लिहून नकार कळवला. नकाराचे मोल दलित साहित्याच्या वाचकाला समजावून द्यावे लागत नाही. शंभर चषकांच्या बदल्यात असे एक पत्र कपाटात असावे.

आता आपले 1911 साल घ्या. 29 जुलैला मोहनबागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले. ते अनवाणी पाय राष्ट्रवादाच्या इतिहासात अमर झाले. त्याच उन्हाळ्यात चांभार जातीत जन्मलेले बाळू पालवणकर इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक गडी बाद करीत होते. पुण्यात याच बाळूंना हिंदू संघाच्या सहकाऱ्यांनी चहा दिला होता तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. क्रिकेटचे उदाहरण मी मुद्दाम देतो. अनवाणी पायांची कथा कपाटात सहज बसते, कारण तिथे शत्रू परका आहे. मातीचे भांडे बसत नाही, कारण तिथे गुन्हेगार घरचा आहे.

आणि खुद्द चेंडू? जनावराचे कातडे सोलणारा, कमावणारा अस्पृश्य. पण त्याच कातड्याचा चेंडू छातीवर झेलणारा आणि डोक्याने मारणारा विटाळत नाही! फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्यांनी जालंधरला हा धंदा वाढवला. पंचकोनी 12 आणि षट्कोनी 20, असे 32 तुकडे वस्त्यांमधून, घराघरांत हाताने शिवले गेले. पुढे कातड्याची जागा कृत्रिम आवरणाने घेतली. चेंडूवर कंपनीचे नाव असते. शिवणाऱ्याचे कधीच नव्हते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घातला तो नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या 2022 च्या हिंदी चित्रपटाने. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरे एक फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यातून त्यांचे झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले. शिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांच्याकडे गेल्याने चित्रपटावर उद्धारकाची छाया पडते, हा माझा आक्षेप आहे. तरीही भीमजयंती, पोरांची बोली आणि वस्तीला अडवणारी भिंत तो झाकत नाही. त्यातली मोनिका ही आदिवासी मुलगी परदेशी खेळायला निघते, तर आधी तिच्या बापाला ओळखीच्या कागदासाठी वणवण करावी लागते. मला तो प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला प्रस्थापितांच्या लेखी इतिहासही नाही.

पनवेलला हे नवीन नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातल्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. त्या लढ्याविषयी मला आदरच आहे. परंतु त्यातून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या योजनेचा पाया जमिनीची मालकी हा होता. ज्या बौद्धांचे, कातकऱ्यांचे नाव सातबारावर कधी चढलेच नाही, पण ज्यांचा घाम त्याच मातीत जिरला, त्यांची नोंद कुठे आहे?

म्हणून माझे त्या विद्यार्थ्यांना सांगणे असे. इमारतीची वाट पाहू नका. बौद्धवाड्यांत आणि कातकरवाड्यांत जा. कोण कशाने खेळत होते, कुणाला मैदानातून हाकलले, कुणाची खेळायची जागा कुठल्या रस्त्याखाली गेली, हे विचारा. सांगणाऱ्याच्या नावानिशी वहीत उतरवा. उद्या इथे संग्रहालय झालेच, तर चषक आणि बूट मांडायला पुष्कळ लोक पुढे येतील. फुटकी बादली कपाटात ठेवायचा आग्रह आपल्यालाच धरावा लागेल. आणि ती फुटकी का होती, हे तिच्याखाली स्पष्ट लिहावे लागेल.