ब्लॅकबर्नचें कोरें कापड आणि बेन्स यांचा निष्कर्ष

एडवर्ड बेन्स यांचा ग्रेट ब्रिटनमधील कापूसधंद्याचा इतिहास १८३५ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्यानें कायद्यांचे तपशील, व्यापाराचे आंकडे व यंत्रांचीं वर्णनें मोठ्या मेहनतीनें एकत्र केलीं आहेत. त्यामुळें या विषयाच्या अभ्यासकास तो ग्रंथ आजहि टाळतां येत नाहीं. परंतु त्यांतील निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. यांत्रिक शोध हेंच लँकेशायरच्या उत्कर्षाचें मुख्य कारण, असा ग्रंथाचा एकंदर सूर आहे. उलटपक्षीं, आमच्याकडील कित्येक लेखक इंग्रजांचा कायदा हेंच एकमेव कारण धरून चालतात. या दोन्ही मतांची परीक्षा एका साध्या कापडाच्या साक्षीनें करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु.

हें कापड म्हणजे ‘ब्लॅकबर्न ग्रे’. ब्लॅकबर्न हें लँकेशायरांतील शहर. सतराव्या शतकांत तेथील निळ्या-पांढऱ्या चौकडीचें कापड ‘ब्लॅकबर्न चेक’ या नांवानें प्रसिद्ध होतें. पुढें त्याची जागा ‘ग्रे’ कापडानें घेतली. या ‘ग्रे’ शब्दाचा अर्थ करडा किंवा राखी असा करणें चुकीचें होईल. ज्याच्या सुतास रंग दिलेला नाहीं व जें धुऊन पांढरें केलेलें नाहीं, तें कापड ‘ग्रे’. आपला ‘कोरें’ हा शब्द त्यास नेमका जुळतो. हें कोरें कापड लंडनला जाई व तेथें त्यावर छापकाम होई.

आतां या कापडाची वीण पहावी. त्याचा बाणा कापसाच्या सुताचा, पण ताणा अळशीच्या वाखाच्या सुताचा, म्हणजे लिननचा असे. मागावर सारा ओढा ताण्यास सोसावा लागतो, आणि तिकडील हातकताईचें कापसाचें सूत तितकें चिवट नसे. हिंदुस्थानांतील कातणारणी तसें सूत कित्येक शतकें कातीत आल्या होत्या. ज्या कालिकत बंदरावरून ‘कॅलिको’ हें नांव पडलें, तें निव्वळ सुती कापड विणण्याचें सामर्थ्य त्या वेळीं ब्लॅकबर्नच्या अंगीं नव्हतें. तेथील ‘ग्रे’ हा त्याचा बदली माल होता.

मग या बदली मालास गिऱ्हाईक कसें मिळालें? येथें कायद्यांकडे वळलें पाहिजे. १७०० सालच्या कायद्यानें हिंदुस्थान, इराण व चीन येथील छापील कॅलिकोचा इंग्लंडांतील वापर बंद झाला. कोरें हिंदी कापड आणून त्यावर लंडनमध्यें छापकाम करण्याची मुभा मात्र राहिली. १७२१ च्या कायद्यानें तीहि वाट घरच्या बाजारापुरती बुजली. छापील कॅलिको वापरणेंच निषिद्ध ठरलें. लिनन व कापूस यांच्या मिश्र कापडास सूट होती. तिजविषयीं वाद निघाला, तेव्हां १७३६ च्या कायद्यानें ती स्पष्ट केली. अट इतकीच कीं, ताणा सर्वस्वीं लिननचा असावा.

ही अट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. ब्लॅकबर्नच्या विणकरास जें साधत नव्हतें, तेंच कायद्यानें वर्ज्य केलें. आणि जें साधत होतें, त्यास घरची बाजारपेठ मोकळी ठेवली. जेम्स हारग्रीव्ह्ज यानें ब्लॅकबर्नजवळ स्टॅनहिल येथें ‘जेनी’ हें कताईचें यंत्र तयार केलें तें १७६४ च्या सुमारास. म्हणजे बाजारपेठ अगोदर, यंत्र मागाहून. त्या जेनीचें सूतहि बाण्याच्याच उपयोगाचें होतें.

बेन्स यांनीं हे कायदे लपविले नाहींत. इतकेंच नव्हे, तर हिंदी सुती मालावर इंग्लंडांत पडणारी शेंकडा १० जकात कमी व्हावी म्हणून बंगालच्या ११७ प्रतिष्ठित गृहस्थांनीं १८३१ सालीं केलेला अर्जहि त्यांनीं छापला आहे. त्यांचा दोष निराळा आहे. खुल्या व्यापाराच्या कैवाऱ्यास कायदा म्हणजे केवळ अडथळा दिसतो. त्याच कायद्याच्या आडोशास एखादें रोप वाढलें असेल, हें त्याच्या नजरेंतून निसटतें. पुरावा हातीं असून त्याची सांधणी झाली नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

परंतु एवढ्यावरून विरुद्ध पक्ष सिद्ध झाला असें नाहीं. हे निर्बंध कापूसधंद्याच्या कळवळ्यानें झाले नव्हते. त्यांमागें लोकर व रेशीम विणणाऱ्यांची ओरड होती. १७१९ सालीं लंडनच्या स्पिटलफील्ड्समधील रेशीम विणकरांनीं कॅलिको नेसलेल्या स्त्रियांच्या अंगावरचीं वस्त्रें फाडण्यापर्यंत मजल नेली. १७२१ च्या कायद्याच्या जाळ्यांत इंग्लंडांत विणलेलें निव्वळ सुती छापील कापडहि सांपडलें. तें सोडविण्यासाठीं आर्कराइट यास खटपट करावी लागली व १७७४ सालीं, काठास तीन निळे धागे घालण्याच्या अटीवर, परवानगी मिळाली. आर्कराइटच्या १७६९ च्या यंत्रानें ताण्याजोगें कापसाचें सूत निघूं लागलें, म्हणूनच ती परवानगी उपयोगी पडली. तेव्हां यंत्राचें महत्त्व नाकारतां येत नाहीं. लाभ कापसास झाला, म्हणून हेतुहि तोच होता, हा तर्क लंगडा आहे.

यंत्राचा लाभ खुद्द ब्लॅकबर्नमध्येंहि सर्वांस सारखा झाला नाहीं. १७६८ सालीं जमावानें हारग्रीव्ह्जचीं यंत्रें मोडलीं व त्यास नॉटिंगहॅमला जावें लागलें. १८२६ सालीं त्याच मुलखांतील उपाशी हातविणकरांनीं यांत्रिक माग फोडले. पुढें या शहराचे माग हिंदुस्थानासाठीं धोतरें विणूं लागले. आणि १९३१ च्या सप्टेंबरांत महात्मा गांधी शेजारच्या डार्वेन गांवीं गेले, तेव्हां बेकार गिरणीकामगारांचें दुःख त्यांनीं समक्ष पाहिलें.

सारांश, कायद्यानें आडोसा दिला, यंत्रानें बळ दिलें, आणि हा क्रम उलटा केल्यास इतिहास बिघडतो. ज्या प्रश्नाशीं आपल्या कोष्ट्यांची उपजीविका निगडित होती, त्याचा निवाडा अभिमानानें किंवा रागानें न करतां पुराव्यानें करावा. आणि पुरावा केवळ दप्तरांतच नसतो, कापडाच्या ताण्याबाण्यांतहि असतो.