दोन डगरींवरचा हात

जुईनगरच्या स्थानकावर सकाळी महाविद्यालयात निघालेल्या मुलामुलींची गर्दी असते. त्यांपैकी एखादीने बी.ए.ला इंग्रजी साहित्य आणि इतिहास असे दोन्ही विषय घेतले, की घरची वडीलधारी माणसे हटकून विचारतात, “दोन डगरींवर हात कशाला?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुंबई विद्यापीठात एका विषयाचे तीन व दुसऱ्याचे तीन पेपर अशी जोडी पुष्कळ वर्षे रूढ होती. परंतु दोन विषय शेजारी बसले म्हणजे त्यांचा संवाद होतोच असे नाही. तो कसा होतो आणि कुठे चुकतो, हे न्यायमूर्ती रानडे यांच्या लेखनात चांगले दिसते.

रानडे १८६२ साली बी.ए. झाले, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्य व इतिहास हे दोन्ही विषय शिकवले. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यात लढाया व तहनामे यांवर न थांबता त्यांनी संतांना स्वतंत्र प्रकरण दिले. अभंग हा समाजाच्या घडणीचा पुरावाही होऊ शकतो, ही त्यांची दृष्टी या जोडअभ्यासाचेच फळ म्हणावी लागेल.

तथापि, संतांच्या चळवळीची तुलना त्यांनी युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी केली, तेथे वाचक थबकतो. लोकभाषेचा कैवार आणि पुरोहितांच्या मक्तेदारीला शह, हे साम्य खरे आहे. परंतु त्या सुधारकांनी मूर्ती व तीर्थयात्रा त्याज्य मानल्या. वारकऱ्यांचा तर विठ्ठल आणि वारी हाच प्राण. परक्या इतिहासाचा साचा येथे अभंगांना पुरत नाही.

शिवाय त्या धर्मसुधारणेची दुसरी बाजू मराठी साहित्यातच उभी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासनेला कायद्याने बंदी होती. स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये येशू संघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. शेक्सपिअरचे निधनही त्याच वर्षीचे. रानड्यांना जी सुधारणा मुक्तिदायी वाटली, तीच इंग्लंडमधील कॅथलिकांना जाचक होती. मात्र ज्या साष्टीत हे पुराण छापले गेले, तेथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, हेही इतिहास सांगतो. आपल्याला प्रिय असलेल्या ग्रंथाबाबत हे ऐकणे जड जाते. पण ते ऐकून पुन्हा ग्रंथ उघडला, तर त्याची मराठी अधिकच अर्थपूर्ण वाटते.

साहित्य माणसाचे मन दाखवते आणि इतिहास त्या मनावरचे दडपण. एकाने दुसऱ्याची साक्ष तपासावी, एवढ्यासाठीच हे दोन विषय एकत्र शिकायचे. जुईनगरच्या त्या मुलीने दोन डगरींवर हात ठेवला असेल, तर वडीलधाऱ्यांनी तो ओढून घेऊ नये. मधला प्रवाह तिला तेथूनच दिसणार आहे.