अक्षरांकित वस्तूंचा संग्रह : अभिरुची आणि वाचन

प्रस्तावना :
वस्तुसंग्रहाचे मूल्यमापन करताना बहुधा वस्तूंची संख्या, दुर्मिळता व किंमत यांचा विचार होतो. कोरीव व अक्षरांकित वस्तूंच्या बाबतीत ही कसोटी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
चिनी विद्वानाच्या अभ्यासिकेत कुंचला, शाई, कागद व शाई घोटण्याची शिळा ही चार रत्ने मानली जात. त्यांच्या जोडीला बांबूचे वा जेडचे कुंचलापात्र, मनगट टेकविण्याची पट्टी, मुद्रा अशा वस्तू असत. त्यांवर अनेकदा कवितेच्या ओळी किंवा मालकाचे नाव कोरलेले असे. त्यामुळे तेथील संग्राहक हा आधी वाचक होता. चिएन लुंग बादशहाने (कारकीर्द १७३६-१७९५) जुन्या जेडवस्तूंवर स्वतःच्या कविता कोरवून घेतल्या. त्या वस्तू दोन काळांच्या साक्षीदार झाल्या. याउलट, छिंग काळातील चिनीमातीच्या काही भांड्यांवर आधीच्या मिंग बादशहांची राजचिन्हे आढळतात. तो कधी पूर्वसूरींविषयीचा आदर असतो, तर कधी निव्वळ फसवणूक. म्हणून लेख वाचणे जितके आवश्यक, तितकेच तो पारखून घेणेही आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात सर रतन टाटा (१८७१-१९१८) व सर दोराबजी टाटा (१८५९-१९३२) यांच्या संग्रहांतील चिनी वस्तू मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास लाभल्या. रतन टाटांनी १९०६ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क हाउस ही वास्तू घेतली होती. तत्कालीन युरोपीय दिवाणखान्याची अभिरुची या संग्रहामागे जाणवते. तीत जेडचा रंग व घडण यांना मान असतो, अक्षर मात्र नक्षीचाच भाग ठरते. पुण्यात दिनकर केळकरांनी दौती, दिवे, अडकित्ते जमविले व १९७५ मध्ये आपला संग्रह शासनास दिला. तेथे वस्तूचा नित्य वापर केंद्रस्थानी आहे. एका दृष्टीत सौंदर्य, दुसरीत उपयोग; वाचन ही तिसरी दृष्टी होय.

समारोप :
हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. लाखांदूरनजीकच्या पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाच्या अवशेषांवर ब्राह्मी लेख सापडले. ते वाचले गेले म्हणूनच त्या शिळा दात्यांची नावे सांगू शकल्या. जुन्या घरांतील मोडी दप्तरे मात्र वाचकाअभावी रद्दीत जातात. महाविद्यालयांनी संग्रहाआधी लिपीचे शिक्षण हाती घेणे, हीच या वारशाची खरी जपणूक ठरेल.