गोंगाट कोणता, गजर कोणता?



पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी जाऊन निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि नाशिकला घरी परतलो. पुढच्याच आठवड्यात आमच्या भजनी मंडळातला एक मुलगा मोबाईल घेऊन दारात उभा. म्हणाला, "महाराज, तुमची जुनी कॅसेट साफ केली. यंदाच्या सप्ताहातले एक कीर्तनही केले आहे. दोन्ही ऐका आणि कसे झाले ते सांगा." मुलगा गुणी आहे. मृदंगाला हात चांगला, काकड्याला न चुकता हजर, आणि संगणकाचे काम शिकलेला. त्याने विचारले म्हणून त्याला तोंडी सांगितले. पण आता गावोगाव अशी मुले हे काम करू लागली आहेत, तेव्हा चार गोष्टी येथेही लिहितो.

आधी कॅसेटविषयी. ती १९९१ सालची, सिन्नरकडच्या एका गावच्या सप्ताहातली. कोणीतरी घरचा टेपरेकॉर्डर कर्ण्याजवळ ठेवून भरून घेतली होती. इतकी वर्षे मला ती ऐकवत नसे. मी आयुष्यभर काळी चारमध्ये उभा राहिलो, आणि कॅसेटमधला माणूस पांढरी सहामध्ये गातो, निरूपणही घाईघाईने करतो. मीच का हा, असा संशय यावा! यंत्राचा वेग चुकला होता एवढे कळत होते, पण किती चुकला ते कोण सांगणार?

मुलाने ते शोधले कसे, हे ऐकण्यासारखे आहे. ऑडॅसिटी नावाचे एक संगणकीय साधन आहे, २००० सालापासून फुकट मिळते. त्यात आवाजाचे चित्र पडद्यावर दिसते. कॅसेटच्या तळाशी एक सारखी घूं येत होती, विजेच्या तारांची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून तिची घूंही ५०च्या मापाची असायला हवी. पडद्यावर ती ५३च्या आसपास दिसत होती. म्हणजे फीत शंभराला सहा इतकी जलद धावत होती, आणि सहा टक्के म्हणजे पेटीची बरोबर एक पट्टी. त्या रात्री गावात वीज होती, जनरेटर नव्हता, म्हणून हिशेब जुळला. (विजेचाही ताल त्या काळी थोडा मागेपुढे होई, पण माझी काळी चार साक्षीला होतीच.) त्याने वेग उतरवला आणि मग ती घूं कमी केली. मी असतो तर पहिल्यांदा घूं फेकून दिली असती, आणि तिच्याबरोबर खऱ्या वेगाची खूणही गेली असती.

ते ऐकताना माझ्या डोळ्यांना पाणी आले, ते मात्र माझ्या आवाजासाठी नव्हे. मागे विणेकरी उभे होते ते माझे गुरुबंधू, त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. धृपद उचलताना त्यांचा स्वर किंचित चढा लागे, आणि त्यावरून मी त्यांना नेहमी बोलत असे. तो चढा स्वर जसाच्या तसा ऐकू आला. मुलाने त्याला हात लावला नव्हता. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

दुसऱ्या ध्वनिमुद्रणाबद्दल असे म्हणता येत नाही, आणि मुलाचे मन दुखावेल म्हणून गप्प बसणेही बरे नाही. कीर्तनकार माझ्याहून पुष्कळ तरुण आणि अभ्यासू आहेत, त्यांच्याविषयी काही म्हणणे नाही. मिक्सरवरून महाराजांचा माइक एका वाटेने घेतला होता, टाळकरी, मृदंग आणि मंडप दुसऱ्या वाटेने. सामग्री कॅसेटपेक्षा शतपटीने चांगली. तरी ऐकताना वाटते की महाराज एका बंद खोलीत एकटेच बोलत आहेत.

असे का झाले? गोंगाट काढण्याच्या साधनाला आधी नमुना दाखवावा लागतो. नुसता गोंगाट असलेले दोनचार सेकंद निवडायचे, मग साधन त्या जातीचा आवाज साऱ्या मुद्रणातून उणा करते. मुलाने नमुना घेतला कीर्तन सुरू होण्याआधीच्या क्षणांचा. पण तेव्हा तंबोऱ्याची पेटी सुरू झालेली होती! साधनाला काय कळणार? जे अखंड चालते ते त्याच्या लेखी गोंगाट. त्याने दोन तासांतून तंबोरा पुसून काढला. टाळांची तीच गत. टाळ वाजल्यावर जो झंकार लांबत जातो तो बारीक असतो, साधनाने तो कापला, उरली नुसती टकटक. मायमाउल्या माइकपासून लांब बसलेल्या, त्यांचा 'विठ्ठल विठ्ठल' तर मुळीच नाही. अधूनमधून मृदंग पाण्याखालून वाजल्यासारखा येतो, तेही नको इतके पुसल्याचेच लक्षण.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचा आवाज कमी केला तर गाणे उरते. आपल्या कीर्तनात तसे नाही. महाराज चरण म्हणतात, टाळकरी तो उचलतात, मंडप गजराने उत्तर देतो. उत्तर पुसले तर महाराज कोणाशी बोलत होते?

पुढची गोष्ट सुरांची. महाराजांच्या वाटेवर मुलाने सूर 'दुरुस्त' करणारे साधन चालवले. या जातीचे ऑटो-ट्यून हे साधन १९९७ साली अमेरिकेत आले. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचे तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचे गणित करीत. बुद्धी मोठी, यात शंका नाही. पण साधन आवाजाला पेटीच्या बारा घरांपैकी जवळच्या घरात नेऊन बसवते. आपली चाल एका घरातून दुसऱ्यात घसरत जाते, करुणेच्या जागी स्वर मुद्दाम उतरतो. तेथे पायऱ्या पडल्या. विद्यार्थी आता चाली मोबाईलवरूनच उचलतात, ते या पायऱ्याही उचलतील.

आणि सर्वांत गंभीर ते पुढेच. निरूपणात एका अभंगाला महाराज बोलण्याच्या ओघात नाथमहाराजांचा म्हणाले, लगेच थांबले, "चुकलो, तुकोबारायांचा" असे म्हणून पुढे गेले. हे मी मंडपात बसून ऐकले आहे. मुलाने अडखळणे काढायचे म्हणून नेमका तो थांबा आणि ती दुरुस्ती कापली. आता ऐकणाऱ्यासाठी चूक तेवढी राहिली. ज्याने चूक कबूल केली, त्याच्याच नावावर ती कायमची लागली.

मुलगा म्हणाला, "महाराज, लोक मोबाईलवर ऐकतात, त्यांना स्पष्ट हवे असते." हे मला मान्य आहे. माझाच उजवा कान गेला आहे, यंत्र लावल्याशिवाय निरूपण समजत नाही. अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांना वारी घडते ती या मोबाईलवरच. म्हणून वाऱ्याची धडधड, जनरेटर, मंडपवाल्याच्या खुर्च्यांचा खडखडाट खुशाल काढावा. पण स्पष्ट म्हणजे ओसाड नव्हे. द. वि. पलुसकरांचा जन्म आपल्या नाशिकचा, १९२१चा. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या जुन्या तबकड्यांना एका बाजूला तीनसाडेतीन मिनिटे मिळत, वर खरखर. ती खरखर असूनही आम्ही त्यांची भजने ऐकत मोठे झालो, एक शब्द निसटला नाही.

खरे काम भरतानाच करावे. आवाजाची पातळी गजराच्या हिशेबाने खाली ठेवावी, कारण गजर अंगावर आला की लहरीचे टोक कापले जाते, आणि कापलेले टोक कोणतेही साधन खरेपणाने परत आणत नाही, फार तर अंदाजाने भरते. मोबाईल पेटीवर ठेवू नये. नुसत्या मिक्सरवर विसंबू नये, मंडपात लोकांमध्ये दुसरे यंत्र ठेवावे. आणि मूळ मुद्रण निराळे जपावे, हे तर पहिले.

ते मी त्याला शेवटी विचारले. "मूळ आहे ना?" तो खाली बघू लागला. मोबाईलची जागा भरली म्हणून पुसून टाकले होते. थोड्या वेळाने म्हणाला, बायकांच्या बाजूला एका मावशींनी आपल्या मोबाईलवर भरले आहे, पण त्यात लेकराचे रडणे आहे, शेजारणीचे बोलणे आहे. रविवारी तो ते आणायला जाणार आहे. मी सांगितले, आहे तसे घेऊन ये, आधी मला ऐकव, मग संगणक उघड.