‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मधील निवेदनदृष्टी व नामनिर्देश

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) या कादंबरीत प्रास्ताविक प्रकरण वगळता प्रत्येक प्रकरणास एकेका पात्राचे नाव शीर्षक म्हणून दिलेले आहे. निवेदन तृतीयपुरुषी, परंतु त्या पात्रास जे दिसते व जे ठाऊक असते, तेवढेच वाचकास कळते. या रचनेमुळे परस्परांशी झुंजणाऱ्या सर्व सरदार घराण्यांस सारखा न्याय मिळतो, असे म्हटले जाते. निदान या पहिल्या खंडापुरते ते मान्य करता येत नाही.

अशी पात्रे आठ. त्यांपैकी एडार्ड, त्याची पत्नी केटलिन, सान्सा, आर्या, ब्रॅन आणि अनौरस म्हणून वाढलेला जॉन ही सहा स्टार्क घराण्यातील. लॅनिस्टरांचा एकटा टिरियन. डेनेरिस तर समुद्रापलीकडे. सर्सी व जेमी यांचे हेतू आपण बव्हंशी त्यांच्या शत्रूंच्या अनुमानांतूनच जाणतो.

खरा पक्षपात मात्र नामनिर्देशात आहे. शीर्षकात ‘एडार्ड’ असलेला पुरुष त्याच्या व केटलिनच्या प्रकरणांत ‘नेड’ होतो, म्हणजे घरच्या माणसांनी हाक मारावी तसा. उलट डेनेरिसच्या प्रकरणांत राजा रॉबर्ट हा राज्यापहारी, आणि स्टार्क सरदार त्याच्या कुत्र्यांपैकी एक. निवेदक पात्राचे केवळ डोळे घेत नाही, जीभही घेतो. (इंग्रजीत सर्वांस एकच सर्वनाम पुरते, मराठी अनुवादकास मात्र प्रत्येक प्रकरणात एडार्ड ‘तो’ की ‘ते’ याचा निर्णय करावा लागेल, आणि मुळात झाकलेले नाते उघड करावे लागेल.)

याचा परिणाम जेमीच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. मारलेल्या राजाच्या सिंहासनावर बसलेला जेमी एडार्डने पाहिला होता. त्याने केलेला निवाडा आपण विनातक्रार स्वीकारतो, कारण तो ‘नेड’चा निवाडा असतो. ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्ये (२०००) जेमीस स्वतःची प्रकरणे लाभतात, आणि राजा एरिस सारे नगर जाळावयास निघाला होता हे तो ब्रिएनला सांगतो. आरोपीचे म्हणणे येथे शिक्षेनंतर ऐकले जाते. लेखकाने हे जाणूनबुजून केले असावे. पण मग निःपक्षपाताची स्तुती पहिल्या खंडाची नव्हे, तिसऱ्याची करावयास हवी.

रॉब स्टार्कचे उदाहरण याहून विलक्षण. त्याला राजपद मिळते, प्रकरण कधीच मिळत नाही. त्याचे राजेपण आपण मुख्यतः केटलिनच्या दृष्टीने पाहतो, आणि त्या प्रकरणांत, मुकुट डोक्यावर असतानाही, तो नुसता ‘रॉब’च राहतो.