फुलाला फळाचा वास

परवा मंडळाच्या गणेशोत्सवाला निघताना मुलगी गाडीत येऊन बसली आणि गाडीभर पीच-स्ट्रॉबेरीचा घमघमाट सुटला. "हे अत्तर आहे की शांपू?" मी म्हणालो. ती गप्प बसली. हॉलच्या दाराशी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "आजीच्या हिरव्या चाफ्यालाही फळाचाच वास यायचा. त्याला कधी नावं ठेवली नाहीस, बाबा."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली. सुगंधांचा नाद ही निव्वळ हौस. पण कुणी चूक दाखवली की ती मुकाट्याने तपासायची, ही आमच्या धंद्याची रीत. म्हणून 'फ्रुटी फ्लोरल' या प्रकाराकडे पुन्हा पाहायला बसलो.

आधी मुलीची बाजू. लिंबू-संत्र्याच्या सालीतून तेल मिळतं. पीच किंवा स्ट्रॉबेरी ऊर्ध्वपातनाला घातली तर कामाचं तेल हाती लागत नाही. त्यामुळे अत्तरातलं फळ बहुधा प्रयोगशाळेतलं असतं. पण म्हणून ते खोटं का? गुलाबाच्या तेलात डॅमॅसेनोन नावाचं द्रव्य अगदी अल्प असतं. गुलाबाच्या वासात त्याचा वाटा मोठा, आणि एकटं हुंगलं तर ते शिजवलेल्या सफरचंदाची आठवण देतं. हिरवा चाफा तर सीताफळाच्याच कुळातला. फुलाच्या पोटात फळ आधीपासून आहेच.

मग बिघडतं कुठे? माझ्या मते, फळ कुठलं निवडलं आणि कुठे ठेवलं यात. केळ्याचा, नासपतीचा वास देणारी एस्टर हलकी असतात, भुर्रकन उडतात. दुकानात कागदी पट्टी नाकाशी धरून गिऱ्हाईक मिनिटभरात निर्णय घेतं, तेवढ्यापुरती ती पुरतात. 1919 साली जाक गेर्लांने 'मित्सुको' केलं, त्यातलं पीच निराळं. त्या द्रव्याला धंद्यात 'आल्डिहाइड सी-14' म्हणतात; प्रत्यक्षात ते आल्डिहाइडही नाही आणि त्यात 14 कार्बनही नाहीत. ते 11 कार्बनांचं लॅक्टोन आहे. जुन्या प्रोग्रॅममधलं चुकीचं नाव बदलायला कुणी धजत नाही, तशातली गत! पण हे लॅक्टोन जड, तासन्‌तास टिकणारं. ओकमॉसच्या कडवट, ओलसर वासावर ते सायीसारखं पसरतं. मित्सुको घराण्याने शिप्र, फ्रुटी फ्लोरल नव्हे. पण फळाने इमारतीचा खांब व्हावं कसं, हे तिथे शिकावं.

खुद्द या प्रकारात मला कॅलिस बेकरचं 1999 चं 'जाडोर' आवडतं. नासपती-खरबुजाचा रसाळपणा पुढे जाई-गुलाबात इतका अलगद मुरतो की सांधा सापडत नाही. पुढच्या पुष्कळ बाटल्यांनी ती रसाळ सुरुवात तेवढी उचलली, सांधा जुळवण्याची मेहनत नाही.

मग मुलीची बाटली मागून घेतली आणि मनगटावर फवारली. पहिली वीस मिनिटं फळांची जत्रा; मध्ये थोडा वेळ एक हिरवट गुलाब डोकावला, तो खरोखर सुंदर होता. तासाभराने उरला धुतलेल्या कपड्यांचा वास.

चिपळूणला घरामागे आई हिरवा चाफा शोधायची तो नाकाने; फूल पानांत दिसायचंच नाही. ते पिवळं पडू लागलं की मगच खरा वास सुटायचा, पिकल्या फळाचा. चाफ्यात फळ शेवटी येतं. या बाटलीत ते आधी येतं आणि पाहुण्यासारखं निघून जातं. माझी तक्रार एवढीच होती. मी मात्र सगळ्या जातीला नावं ठेवली, आणि तीही सोळा वर्षांच्या मुलीसमोर.

हे सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "पण तो मधला गुलाब आवडला ना?" आवडला होता, तसं सांगितलं.

पुढच्या रविवारी ती तेच लावून गाडीत बसली. या वेळी मी खिडकीची काच खाली केली नाही. गुलाब यायला वीस मिनिटं होती.